ओम्नीसाठी फायबरचा कन्सोल: थर्मोकोल विरघळला, नंतरचा भाग चिकट राहून पिळला

ओम्नी_चिपळूण

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांची 2012 ची ओम्नी आहे. ते तिच्यातून आंब्याच्या पेट्या न्यायचे, आता मी घरच्यांना घेऊन फिरतो. पुढच्या दोन सीटच्या मध्ये एक कन्सोल हवाय. दोन बाटल्या, मोबाइल आणि गाडीची कागदपत्रं मावली की झालं. बाजारात मिळतात त्यातला एकही नीट बसत नाही, म्हणून फायबरचा घरीच करायला घेतला.

आधी थर्मोकोलचा ठोकळा कापून त्यावर रेझिन लावलं. पाच मिनिटांत ठोकळ्याला खड्डे पडले, पाण्यात साखर विरघळावी तसे. मग लाकडी ठोकळ्यावर पुन्हा केलं. 450 ची मॅट (काचेच्या धाग्यांची, चौरस मीटरला 450 ग्रॅमची), दोन थर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही वरून चिकट होतं. तसाच ओढून काढला, तर दोन दिवसांत पिळला. टेबलावर ठेवला की एक कोपरा बोटभर वर राहतो. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) बाटलीच्या झाकणाने अंदाजे घातलं होतं, बाहेर पाऊस होता. नेमकं चुकलं कुठे? वडिलांच्या गाडीत कशीतरी केलेली वस्तू बसवायला मन होत नाही.

पेंटर_सांगली

थर्मोकोलच वापरायचा असेल तर त्यावर खाकी पॅकिंग टेप पूर्ण गुंडाळा, कुठेही फट नको. टेपवरून मेणाचं पॉलिश. एवढं केलं की रेझिन आत शिरत नाही.

माझं काम पुढचं, लांबी (पुट्टी) आणि रंगाचं. चिकट फायबरवर लांबी भरू नका, महिन्याभरात पापुद्र्यासारखी सुटते. आधी थिनरने पुसून, 80 नंबरच्या पेपरने घासून खरखरीत करा. पेपर सारखा भरत असेल तर माल अजून कच्चा आहे.

मिरकरवाडा_फायबर

मी रत्नागिरीत बावीस वर्षं फायबरच्या होड्या बांधतो, अधूनमधून गाड्यांचे डॅशबोर्ड आणि स्पीकरचे बॉक्सही करतो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण झाकणाने हार्डनर मोजणारी पोरं मी रोज बघतो.

थर्मोकोल खाल्ला तो रेझिनमधल्या स्टायरीनने, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. चिकटपणाचं मात्र दोन प्रकारे बघा. साध्या पॉलिस्टर रेझिनचा हवेकडचा थर थोडा चिकट राहतोच, हवेतला ऑक्सिजन तो पुरता वाळू देत नाही. थरावर थर चढवताना तो चिकटपणा उपयोगीच पडतो. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळा, नाहीतर वरून पॉलिस्टरची पातळ फिल्म दाबून बसवा. पण नख रुतत असेल तर माल कच्चा राहिलाय, आणि त्याला कारण तुमचं ते झाकण.

पूर्ण ग्रॅममध्येच दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. 100 ग्रॅम रेझिनला दीड ग्रॅम हार्डनर. एकच्या खाली नको, दोनच्या वर नको. जास्त घातलं की लवकर वाळतं हा समज खोटा आहे. माल तापतो, आकसतो, तडकतो. एका वेळी 200 ग्रॅमच कालवा. दुकानदाराला विचारा, कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगात करवणारं द्रावण) रेझिनमध्ये आधीच घातलेलं आहे का. घातलं असेल तर रेझिनला गुलाबी-जांभळट झाक असते.

नसेल तर पुढचं नीट वाचा. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आमच्या शेडमध्ये एका पोराने एकाच कपात दोन्ही ओतले. डोळ्यांसमोर कप धुमसला आणि त्याचा तळहात भाजला. तेव्हापासून दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत असतात. डोळ्याला गॉगल हवाच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा पंधरा मिनिटं पाण्याखाली धरायचा आणि थेट डॉक्टरांकडे. वासासाठी साधा कापडी मास्क पुरत नाही, कार्बनच्या डब्यांचा घ्या.

पिळण्याचं कारण घाई. माल साच्यावरच पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात तर रात्रभर नाही, दोन रात्री. मॅट ओल धरते, तिला आधी पिशवीत बंद ठेवा आणि कामाच्या खोलीत 200 वॅटचा बल्ब लावा. 450 चा एक थर जेमतेम एक मिलिमीटर होतो, म्हणजे तुमचे दोन थर दोन मिलिमीटरच. सपाट भागाला आतून तीन-चार ठिकाणी लाकडी पट्टी धरून वर मॅट चढवा. अर्धा चौरस मीटर भागाला दोन थरांची मॅट साडेचारशे ग्रॅम लागेल, रेझिन साधारण एक किलो. मॅट कात्रीने कापू नका, कडा हाताने फाडा, म्हणजे जोड दिसत नाही. टोकदार कोपऱ्यात मॅट बसतच नाही, खाली हवा राहते. कोपऱ्यांना बोटाची गोलाई द्या.

आता ओम्नीची खास गोष्ट. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. तिथे साधं रेझिन मे महिन्याच्या उन्हात मऊ पडण्याची भीती असते, म्हणून आयसो रेझिन घ्या, ते जास्त ताप सोसतं. आणि सीट उचलूनच इंजिन बघतात, तेव्हा कन्सोल सीटच्या आड येऊ देऊ नका. मेकॅनिक तो पहिल्याच सर्व्हिसला उपटून टाकेल. आधी पुठ्ठ्याचा कन्सोल करून गाडीत आठवडाभर ठेवा. साच्यासाठी लाकडी ठोकळा चांगलाच आहे, फक्त खालून वर निमुळता करा आणि मेण पाच हात लावा.

ओम्नी_चिपळूण

दादा, मनापासून धन्यवाद. काटा आणला. काल 100 ग्रॅमचा नमुना केला, दीड ग्रॅम हार्डनर घालून. वीस-बावीस मिनिटांत घट्ट झाला, आज नख रुतत नाही. दुकानदार म्हणाला, कोबाल्ट आधीच आहे, म्हणून कोबाल्टची बाटली परत केली.

पुठ्ठ्याचा कन्सोल ठेवून सीट उचलून पाहिली. चार सेंटिमीटर आड येतोय. आईला बाजूला बसवून विचारलं, तर तिचा गुडघाही लागत होता. उद्या अरुंद करतो.

मिरकरवाडा_फायबर

छान केलंत. हँडब्रेक वर ओढूनही बघा, मूठ किती जागा घेते ते. मग माप ठोकळ्यावर घ्या.