मदत हवी आहे: पी२आरवाय१२ जीन खरंच निम्मा झाला की तुलनेसाठी घेतलेला 'स्थिर' जीन जीएपीडीएच मला फसवतोय?

मंडळी, कोणी क्यूपीसीआर (कुठला जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) केलं असेल तर प्लीज वाचा, डोकं पार आउट झालंय.

एमएस्सीचं शेवटचं सेम, राहते ठाण्यात, प्रोजेक्ट नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये. विषय मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या इम्यून सेल्स, एरवी फांद्या पसरून पहारा देतात आणि काही गडबड दिसली की फांद्या आवरून कामाला लागतात. मी उंदराच्या बीव्ही-२ सेल्सना (लॅबमध्ये वाढवतात त्या मायक्रोग्लिया) एलपीएस दिलं (बॅक्टेरियाच्या कवचातलं, टीएलआर४ या रिसेप्टरमधून एनएफ-कप्पा-बी हा सूजेचा स्विच चालू करतं ते), ६ तासांनी आरएनए काढला. टीएनएफ या सूजेच्या जीनचा सीटी (कितव्या चक्रात सिग्नल दिसला तो आकडा, कमी म्हणजे माल जास्त) २५ वरून २०.५ वर आला, मस्त. पी२आरवाय१२ हा शांत मायक्रोग्लियाचा जीन, सेल खवळली की खाली जातो असं सगळीकडे वाचलंय, आणि माझ्या हिशेबात तो जवळपास निम्मा. मॅडम खूश, म्हणाल्या लिहायला घे.

मग काल ट्रान्सहार्बर लोकलला खिडकी मिळाली म्हणून कच्चे आकडे काढून बसले तर पी२आरवाय१२ चा सीटी कंट्रोलमध्ये ३१ आणि एलपीएसमध्येही ३१! तो जागचा हललाच नाहीये, हललाय जीएपीडीएच, १७.२ चा १६.३. आरएनए दोन्हीकडे ५०० नॅनोग्रॅमच घातलेला. एक सीटी कमी म्हणजे माल दुप्पट, मग ज्याला जीएपीडीएचने भागलं तो आपोआप निम्मा दिसणार ना? रबाळे येईपर्यंत तीनदा गणित केलं, तेच. तिन्ही रिपीटमध्ये तेच, म्हणजे पिपेटिंगची चूक म्हणावी तर तसंही नाही.

जीएपीडीएचऐवजी बीटा-अ‍ॅक्टिन घेऊ का? आणि टीएमईएम११९ (हाही मायक्रोग्लियाचा खास जीन) चा तर सिग्नलच येत नाही, प्रायमर (जीन पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) गंडलाय का? सबमिशन दहा दिवसांवर आहे हो.

खाडीपलीकडचा: गणित बरोबर आहे तुमचं. एलपीएस मिळालं की या सेल्स ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडणं) वाढवतात आणि जीएपीडीएच त्याच साखळीतला एन्झाइम, तो कसला स्थिर राहतोय. अ‍ॅक्टिनचंही तेच, सेलचा आकार बदलतो तिथे सांगाड्याच्या जीनवर भरवसा कशाला. एचपीआरटी, वायव्हॅझ वगैरे तीनचार तुलनेचे जीन लावून बघा, जे दोन हलत नाहीत त्यांची जिओमेट्रिक सरासरी घ्या. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) उरलाय ना? मग नवीन कल्चर नको, एका प्लेटचं काम आहे.

जुनी लॅबवाली: प्रायमरला शिव्या देऊ नकोस गं. टीएमईएम११९ बीव्ही-२ मध्ये जेमतेम असतो. मेंदूतून ताज्या काढलेल्या सेल्ससुद्धा डिशमध्ये काही दिवसांत तो घालवून बसतात, मेंदूत मिळणारा टीजीएफ-बीटा हा सिग्नल मिळत नाही म्हणून. आणि पी२आरवाय१२ ३१ वर येतोय तर आरटी (आरएनएचा डीएनए करणारा एन्झाइम) न घातलेला कंट्रोल लाव, सिग्नल जीनोमिक डीएनएवरून येत असेल तर कळेल. मॅडमना कच्चे सीटी छापून दे, बोलू नकोस काही.

धागाकर्ती: अपडेट. एचपीआरटी आणि वायव्हॅझ दोन्ही जागेवर, आरटी नसलेला कंट्रोलही स्वच्छ. पी२आरवाय१२ निम्मा वगैरे काही नाही, जवळपास १, आणि टीएनएफ १२ पटींवरून २२ पटींवर गेला. मॅडमनी कागद बघून नुसतं "हं" केलं आणि मागच्या वर्षीच्या सीनियरची फाइल उघडायला सांगितली, त्यातही जीएपीडीएचच आहे.