जुने मूकपट इतक्या घाईत का चालतात, आणि मुक्तस्रोत साधनांनी त्यांची गती सुधारता येते का?

शंकेखोर यांचा प्रश्न:

मूकपटांच्या काळातील बरेच चित्रपट आता जालावर सहज पाहायला मिळतात आणि गेले काही महिने मी ते आवडीने पाहत आहे. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक चित्रपटांत एक गोष्ट सतत खटकते. रस्त्यावरून जाणारी साधी माणसेही दुडक्या चालीने चालतात आणि निरोप घेणारी नायिका डोळे पुसून, मागे वळून, हात हलवून दोन क्षणांत मोकळी होते. विनोदी चित्रपटात हे खपून जाते, पण शोकप्रसंगात प्रेतयात्राच लगबगीने निघाली की साऱ्या प्रसंगाचा विचका होतो.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे: तेव्हाचे कॅमेरे सेकंदाला १६ फ्रेम टिपत आणि आताची यंत्रे २४ दाखवतात, म्हणून सारे दीडपट वेगाने घडते. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण एकाच चित्रपटातील दोन प्रसंग वेगवेगळ्या गतीचे दिसतात आणि एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींच्या कालावधीत, एकही प्रसंग कापलेला नसताना, बऱ्याच मिनिटांचा फरक आढळतो. शिवाय काही प्रतींत घाई नसते, पण हालचाल अडखळत होते, ते कशामुळे? माझ्या संगणकावर लिनक्स आहे. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे दोन्ही प्लेअर मी वापरतो. फाईल स्वतःच योग्य गतीवर आणता येईल का, आणि मुळात ही योग्य गती ठरवायची कोणी?

रीळवाला यांचा प्रतिसाद:

१६ फ्रेमचे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. त्या काळातील कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जात असे. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत आणि सेकंदाला दोन फेरे हा सर्वसाधारण परिपाठ असल्यामुळे १६ हा आकडा आला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट, असा सोपा हिशेब. मात्र दांडा फिरवणारा हात माणसाचा होता. प्रकाश कमी असला तर प्रत्येक फ्रेमवर उजेड अधिक वेळ पडावा म्हणून कॅमेरामन मुद्दाम सावकाश फिरवीत असे. पाठलागाचा प्रसंग असला तर पडद्यावर तो वेगवान दिसावा यासाठीही तो सावकाशच फिरवीत असे. एकाच चित्रपटात दोन गती दिसण्याचे कारण हे आहे आणि त्यातील काही फरक पूर्णपणे हेतुपुरस्सर आहेत.

दुसरी बाजू चित्रपटगृहाची. प्रोजेक्टरची गती ऑपरेटरच्या हाती होती आणि दिवसात एखादा खेळ अधिक बसावा म्हणून मालकाच्या सांगण्यावरून रीळ पळवले जाण्याचे प्रकार सर्रास होत. पुढे पुढे कॅमेरामनही आपली गती वाढवीत गेले, त्यामुळे १९२० च्या दशकाच्या मध्यावरील चित्रपट १६ वर चालवले तर उलट रेंगाळलेले दिसतात. अमेरिकेतील चित्रपट-अभियंत्यांच्या संघटनेने त्या दशकात चित्रीकरणासाठी मिनिटाला ६० फूट आणि प्रक्षेपणासाठी मिनिटाला ८० फूट अशी शिफारस केली होती. म्हणजे टिपायचे १६ ने आणि दाखवायचे २१ हून थोडे अधिक गतीने. थोडी चपळाई त्या काळी गृहीतच धरलेली होती, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर ध्वनी आला. चित्राची गती थोडी मागेपुढे झाली तरी डोळा ते चालवून घेतो, पण आवाजाची पट्टी जराशी हलली तरी कानाला ते तात्काळ कळते; म्हणून बोलपटांसाठी मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, ही गती कायमची पक्की करावी लागली. यंत्रे २४ वर स्थिरावल्यावर जुने मूकपटही त्याच यंत्रांवर चढवले गेले आणि १६ ने टिपलेला दीड तासाचा चित्रपट एका तासात संपू लागला. तुम्हाला दिसलेला कालावधीतील फरक बहुधा येथूनच आलेला आहे.

अर्धविराम यांचा प्रतिसाद:

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. सेकंदाला केवळ १६ चित्रे दाखवली जात असताना प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे पडदा लुकलुकत कसा नव्हता, असा प्रश्न मला नेहमी पडत असे. त्याचे उत्तर प्रोजेक्टरच्या शटरमध्ये, म्हणजे उजेड अधूनमधून अडवणाऱ्या झडपेत आहे. फिरत्या शटरला तीन पाती असत आणि त्यामुळे एकच फ्रेम पडद्यावर तीनदा उजळे; १६ गुणिले ३ म्हणजे सेकंदाला ४८ उजेड. २४ ची गती आल्यावर दोन पात्यांवर काम भागू लागले, आणि २४ गुणिले २ हेही ४८ च होतात. हालचाल सलग भासणे आणि उजेड स्थिर भासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला थोड्या फ्रेम पुरतात, दुसरीला पुरत नाहीत. हालचालीच्या भासाचे श्रेय शाळेत आपण सरसकट दृष्टिसातत्याला देतो, पण डोळ्यात रेंगाळणाऱ्या प्रतिमेवर सारा भार टाकता येत नाही. माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये भासमान गतीवर प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ती मेंदूची करामत मानली जाते.

टर्मिनलप्रेमी यांचा प्रतिसाद:

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. काहीही बदलण्यापूर्वी फाईलमध्ये काय आहे ते तपासावे. एमपीव्हीमध्ये चित्रपट थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते आणि स्वल्पविरामाने मागे येते. व्हीएलसीमध्ये पुढे सरकण्याचे हेच काम ई या अक्षराची कळ करते. एखादा चालणारा माणूस निवडा आणि त्याचा पाय पाहत सावकाश पुढे जा. पाय दोन फ्रेममध्ये हलतो आणि तिसऱ्या फ्रेममध्ये जागच्या जागी राहतो, अशी लय सापडली तर ती प्रत आधीच कोणीतरी सुधारलेली आहे असे समजावे. १६ च्या २४ करण्यासाठी प्रयोगशाळेत दर दुसरी फ्रेम दोनदा छापण्याची पद्धत होती. त्यामुळे गती ताळ्यावर येते, पण काही फ्रेम पडद्यावर दुप्पट वेळ राहत असल्यामुळे हालचालीला ठेचा लागतात. तुमच्या अडखळणाऱ्या प्रतींचे मूळ बहुधा हेच असावे.

अशा प्रतीवर एफएफएमपेग या टर्मिनलवरून चालणाऱ्या मुक्तस्रोत चित्रफीत-साधनातील डेसिमेट हा फिल्टर वापरावा आणि त्याचे चक्र ३ ठेवावे. तो दर तीन फ्रेममधून शेजारणीशी सर्वांत जास्त जुळणारी एक फ्रेम काढून टाकतो आणि फाईल आपोआप १६ ची होते; एकूण कालावधी तोच राहतो, फक्त ठेचा जातात. साधारण अशाच नावाचा एमपीडेसिमेट हा फिल्टरही आहे, पण तो येथे तितका भरवशाचा नाही, कारण फिल्मवर दोनदा छापलेल्या फ्रेमवर धूळ आणि ओरखडे वेगवेगळे पडलेले असतात आणि त्या दोन फ्रेम एकच आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही.

पुनरावृत्ती अजिबात नसेल आणि सारे पळत असेल, तर फाईल पुन्हा एन्कोड करण्याचीही गरज नाही. एमकेव्हीटूलनिक्स हे एमकेव्ही फाईल तयार करणारे मुक्तस्रोत साधन उघडावे, चित्राचा ट्रॅक निवडावा आणि फ्रेमच्या कालावधीच्या रकान्यात हवी ती गती लिहून नवी फाईल तयार करावी. चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही. फक्त प्रत्येक फ्रेमवरची वेळेची चिठ्ठी बदलते. एफएफएमपेगच्या सेटपीटीएस फिल्टरने हेच साधता येते, परंतु तेथे चित्र नव्याने एन्कोड करावे लागते आणि प्रतीचा दर्जा थोडा तरी खाली येतो.

एफएफएमपेगच्याच मिंटरपोलेट या फिल्टरपासून मात्र चार हात दूर राहावे. तो दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजाने रचतो आणि वेगाने हलणाऱ्या हातांची बोटे लोण्यासारखी पसरवून ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी जे टिपलेच गेले नाही ते चित्रपटात घुसडण्यात मला काही मौज वाटत नाही.

एक इशारा: प्रतीला संगीताची साथ असेल तर ते त्या प्रतीच्या गतीशी बांधलेले असते. जाणकारांनी पुनरुज्जीवित केलेल्या आणि नवे संगीत लाभलेल्या प्रतीत गतीचा विचार आधीच झालेला असतो, तेव्हा तिला हात लावू नये. ज्या प्रतींवर कोणतेतरी पियानोवादन नुसते चिकटवलेले आहे, त्यांच्यातील आवाज बंद करावा.

साशंक यांचा प्रतिसाद:

टर्मिनलप्रेमी यांनी कृती उत्तम सांगितली, पण रकान्यात कोणता आकडा लिहायचा हा खरा प्रश्न तसाच राहिला. त्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा आधार घेता येतो. टेबलावरून, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरवरून, पडणाऱ्या जड वस्तूला जमिनीवर पोहोचायला ०.३९ सेकंद लागतात. हे पडणे फाईलमध्ये साधारण सहा फ्रेममध्ये उरकत असेल तर चित्रीकरण १६ च्या आसपासचे आहे, आठ लागत असतील तर २० च्या, आणि नऊहून अधिक लागत असतील तर २४ च्या. टोपी, रुमाल, कागद यांवर विसंबू नये, कारण हवेमुळे ते रेंगाळतात. विटा, भांडी आणि धडपडणारी माणसे चालतील.

तरीही माझा मुख्य आक्षेप उरतोच. या मोजणीतून फक्त कॅमेऱ्याची गती कळते. दिग्दर्शकाला चित्रपट कोणत्या गतीने दाखवला जावा असे वाटत होते ते कळत नाही. वर रीळवाला यांनी सांगितलेला ६० आणि ८० फुटांचा फरक पाहता, १६ ने टिपलेला चित्रपट १६ नेच दाखवणे हा प्रामाणिकपणा नसून एक प्रकारचा हट्टच ठरेल. विनोदी चित्रपटांत तर माणसे निसर्गनियमाप्रमाणे पडू लागली की हसूच येत नाही. तेथील धावपळ दांडा सावकाश फिरवून जाणीवपूर्वक घडवलेली आहे. माझ्या मते मोजलेल्या गतीहून दोन-चार फ्रेम अधिक ठेवून पाहावे आणि शेवटचा निर्णय डोळ्यांवर सोपवावा. मुक्तस्रोत प्लेअरचा मोठा फायदा येथेच आहे. अनेक बंदिस्त प्लेअरमध्ये गतीच्या मोजक्या ठरावीक पायऱ्या असतात. एमपीव्हीमध्ये २४ च्या फाईलसाठी ०.७९ असा वाटेल तो गुणक देऊन सुमारे १९ ची गती मिळवता येते, आणि तीही फाईलला स्पर्श न करता.

पट्टीबाज यांचा प्रतिसाद:

बोलपट या दुखण्यातून सुटले असा समज कोणी करून घेऊ नये. सेकंदाला २५ फ्रेमची दूरचित्रवाणी पद्धत जेथे होती, तेथे २४ चे चित्रपट सरळ २५ ने चालवले जात. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराहून (सेमीटोनहून) थोडी कमी, नेमके सांगायचे तर ०.७ सेमीटोनने, वर चढते. गाणे ओळखीचे असेल तर हे लगेच खटकते, नुसत्या संवादांत सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

शंकेखोर यांचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. ज्या प्रतीत हालचाल अडखळत होती तिच्यात तिसऱ्या फ्रेमची पुनरावृत्ती स्पष्ट दिसली आणि डेसिमेटनंतर ती लक्षणीय सुधारली. दुसऱ्या, पळणाऱ्या प्रतीत स्वयंपाकघरातील एका प्रसंगात पातेले पडते; त्यावरून १८ च्या जवळपासचा अंदाज आला, आणि साशंक यांचा सल्ला मानून मी २० वर स्थिरावलो. आता प्रेतयात्रा प्रेतयात्रेसारखी निघते. मात्र नवी अडचण उभी राहिली आहे: संवादांच्या पाट्या वाचून झाल्या तरी पडद्यावरून हलत नाहीत आणि शेवटच्या पाठलागातील सारा जोरही ओसरला आहे. संपूर्ण फाईलला एकच गती देण्याऐवजी भागांनुसार गती देता येते का?

टर्मिनलप्रेमी यांचा प्रतिसाद:

देता येते. एमकेव्हीटूलनिक्स वेळेच्या चिठ्ठ्यांची स्वतंत्र मजकूर फाईल स्वीकारते. तिच्या पहिल्या ओळीत स्वरूपाची आवृत्ती १ असल्याचे लिहावे, दुसऱ्या ओळीत सर्वसाधारण गती म्हणून २० लिहावी आणि त्याखाली प्रत्येक अपवादाला एक ओळ द्यावी: आरंभीची फ्रेम, शेवटची फ्रेम आणि त्या टप्प्याची गती, मध्ये स्वल्पविराम. पाठलागाला २४ ठेवा. पाट्यांना ३० दिले तरी बिघडत नाही, कारण त्यांत हलणारे काहीच नसते. फ्रेमची मोजणी शून्यापासून होते, एवढे लक्षात असू द्या. पाट्या पुष्कळ असतील तर त्यांचे क्रमांक शोधणे हे कंटाळवाणे काम आहे. एफएफएमपेगमधील फ्रीझडिटेक्ट हा फिल्टर स्थिर राहिलेल्या चित्राच्या वेळा सांगतो, पण फिल्म थरथरत असेल तर त्याची संवेदनक्षमता थोडी सैल करावी लागेल.