मदत हवी आहे: लिफ्ट केलेली रॅम २५०० डिझेल, ३७ इंची टायर – ॲक्सल रेशो ४.१० की ४.५६?

रानवाट
गाडी २०११ ची रॅम २५००, ६.७ लिटर कमिन्स, ६८आरएफई ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. लिफ्ट (गाडी उंच केलेली) ४ इंच, टायर ३७ इंची. मूळ टायर २६५/७०आर१७ होते, ॲक्सल रेशो ३.७३ (प्रॉपेलर शाफ्ट ३.७३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं). डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना मागे ९,००० पौंडांचा ट्रेलर असतो. गिअरबॉक्स पाचव्या-सहाव्यात सारखा वरखाली करतो, त्याच्या तेलाचं तापमानही चढतं. बाकी दिवस गाडी रिकामीच. रेशो कोणता घ्यावा? आणि पुढचा ॲक्सल सहा महिन्यांनी केला तर चालेल का? जाणकारांनी सांगावं.

क्राउनपिनियन
लिफ्टचा रेशोशी थेट संबंध नाही, फरक पडतो तो टायरमुळे. (उंच गाडीला वारा जास्त अडवतो, तेवढा भाग सोडा.) मूळ टायरचा व्यास ३१.६ इंच. ३७ भागिले ३१.६ म्हणजे १.१७. आता ३.७३ ला १.१७ ने गुणा: ४.३७. मूळ गाडीसारखी ओढ परत हवी तर एवढा रेशो लागेल, पण तो बाजारात मिळत नाही. म्हणून प्रश्न ४.१० की ४.५६ वर येतो.

आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असा काढा: ताशी मैल × रेशो × गिअर × ३३६, भागिले टायरचा व्यास. सहावा गिअर ०.६३. ताशी ६५ मैलांना:

मूळ टायर, ३.७३: सुमारे १,६२५
३७ इंची, ३.७३: १,३८५
३७ इंची, ४.१०: १,५२५
३७ इंची, ४.५६: १,६९५

या इंजिनाचा जोर साधारण १,५०० च्या पुढे पूर्ण लागतो. तुम्ही १,३८५ वर ट्रेलर ओढायला लावताय, म्हणून जरा चढ आला की गिअरबॉक्स पाचव्यात उतरतो, इंजिन १,८०० वर जातं आणि सपाटी दिसताच परत सहाव्यात. तुमच्या वापराला ४.५६.

घाटमाथा
मी ४.१० म्हणेन. सहसा ४.१० म्हणजे क्राउनच्या (ॲक्सलमधल्या मोठ्या चक्राच्या) ४१ दातांना पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राचे) १० दात आणि ४.५६ म्हणजे ४१ ला ९. दात कमी तसा पिनियन बारीक. शिवाय ४.१० कंपनीतूनच येत होता, त्यामुळे भंगारवाड्यात त्याच पिढीचे पुढचे-मागचे आख्खे ॲक्सल मिळू शकतात. ते बसवले तर सेटिंगची मजुरी वाचते. ट्रेलर असताना टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीचा गिअरबॉक्सचा मोड) लावून सहावा बंद ठेवा, ६५ ला पाचव्यात १,९८५ मिळतात.

क्राउनपिनियन
ट्रेलर वर्षातून दोनदा असेल तर मान्य. दर आठवड्याला आय-७० असेल तर नाही. मागचा ११.५ इंची एएएम (अमेरिकन ॲक्सल कंपनीचा) ॲक्सल दणकट आहे, ९ दातांना घाबरायचं कारण नाही. रिकाम्या गाडीला ७५ ला ४.५६ वर साधारण १,९५५ येतात, तेही ठीक.

आता पुढचा ॲक्सल. दोन्ही एकदमच करा. तोवर टू-व्हीलमध्ये चालवता येईल, पण बर्फात कोणी सवयीने फोर-व्हील लावलं की पुढे-मागे रेशो वेगळे असल्याने ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी मोडतं. कोलोरॅडोत हिवाळ्यात हा धोका कशाला?

शिमवाला
बसवणाऱ्याला आधी विचारा: पिनियन डेप्थ (पिनियन क्राउनकडे किती आत बसतो ते) कशी ठरवतो? पिवळा रंग लावून दातांवरचा ठसा दाखवत असेल तरच काम द्या. ठसा दाताच्या मुळाकडे गेला तर पिनियन फार आत आहे, शिम (पिनियनखालची पातळ चकती) कमी करायची. टोकाकडे गेला तर शिम वाढवायची. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.००६ ते ०.०१० इंच, क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजून. बेअरिंग नवीनच घाला.

सगळ्यात जास्त घोळ क्रश स्लीव्हवर (पिनियनच्या बेअरिंगांमधली, नट आवळताना दबणारी नळी) होतो. प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) जास्त झाला की काहीजण नट मागे फिरवतात. ते चालत नाही, स्लीव्ह एकदा दबली की दबली. नवीन घालून परत सुरुवात. सैल राहिलेला पिनियन थोड्याच मैलांत रडायला लागतो.

रानवाट
आभारी आहे. ट्रेलर महिन्यातून तीनदा तरी असतो, म्हणजे ४.५६. कॉम्प्युटरचं काय?

शिमवाला
टायरचा आकार आणि ॲक्सल रेशो दोन्ही नोंदवावे लागतात, डीलरकडे किंवा अल्फाओबीडीने (गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारं ॲप). टायर चुकला तर स्पीडोमीटर चुकतो, रेशो चुकला तर शिफ्टिंग बिघडू शकतं. टायर बदलताना ही नोंद केली होती का, ते आधी बघा. नसेल केली तर सध्या काट्यावर ६५ दिसतं तेव्हा गाडी ७६ ने पळतेय.

नवीन गिअरवर पहिले १५-२० मैल हलक्या पायाने, मग अर्धा तास थंड होऊ द्या. ५०० मैल ट्रेलर नाही. त्यानंतर दोन्ही डिफरन्शिअलचं तेल बदला आणि मॅग्नेटवर काय जमलंय ते पाहा. बारीक करडी पेस्ट चालेल, कपचे दिसले तर गाडी परत त्याच गॅरेजला न्या.