मदत हवी आहे: मित्राच्या कंपनीचा माल विमानाने पोचवायला पार्ट १३५ (पैसे घेऊन वाहतूक करणाऱ्या छोट्या विमान-ऑपरेटरचं सर्टिफिकेट) लागतंच का?

टेक्ससमध्ये उडवणारं कोणी असेल तर जरा सांगा. माझ्याकडे सिंगल इंजिनचं कमर्शियल लायसन्स आहे आणि सेस्ना १८२ हे छोटं विमान आहे. एका मित्राचं मशीन शॉप आहे, त्याला फोर्टवर्थहून मिडलंडच्या गिऱ्हाइकांकडे अर्जंट पार्ट पाठवायचे असतात, पन्नासेक किलोची खोकी, मागची सीट काढली की आरामात बसतात. पॅसेंजर नाही, केमिकल-बॅटऱ्या नाहीत, फक्त दिवसा व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडणं.

मला आधी वाटलं, जाहिरात नाही, गिऱ्हाईक एकच, मग झालं की. माझा इन्स्ट्रक्टरही म्हणाला हे प्रायव्हेट कॅरेज आहे, म्हणजे सगळ्यांसाठी खुली नसलेली वाहतूक, चालतं. पण एफएएचं (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) १९८६ चं १२०-१२ए सर्क्युलर वाचलं, मग त्यांचा ११९.२३ हा नियम वाचला, तर छोट्या विमानाने दुसऱ्याचा माल पैसे घेऊन नेला तर प्रायव्हेट कॅरेज असलं तरी सर्टिफिकेट लागतं असं दिसतंय. म्हणजे माझं विमान आणि मीच पायलट हा प्लॅन बाद, ते कळलं, त्यावर वाद नको. लायसन्स असणं वेगळं आणि ऑपरेटर असणं वेगळं हे डोक्यात शिरायलाच दोन रविवार गेले.

आता मित्र म्हणतो, विमान तो दुसऱ्याच मालकाकडून ड्राय लीजवर (पायलटशिवाय नुसतं विमान भाड्याने) घेईल, पेट्रोल-इन्शुरन्स त्याचा, कधी उडायचं ते तोच ठरवणार, मला फक्त पायलटचे पैसे. माल त्यानेच बनवलेला, पण गिऱ्हाइकाच्या बिलात तो ‘एअर डिलिव्हरी’ वेगळी लावतो. लीज आणि ऑपरेशनल कंट्रोल (उड्डाणाचे निर्णय आणि जबाबदारी) खरोखर त्याच्याकडे असेल तर निव्वळ त्या एका ओळीमुळे हे पार्ट ९१ मधून, म्हणजे ऑपरेटरचं सर्टिफिकेट न लागणाऱ्या साध्या उड्डाणाच्या नियमांतून, बाहेर पडतं का?