'सँग्विन' म्हणायचं होतं, निघालं भलतंच

प्रश्न: मी सांगलीचा, बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. चार महिने रोज २० इंग्रजी शब्द वहीत उतरवून पाठ केले. परवा मॉक इंटरव्ह्यूत 'आशावादी आहे' म्हणायला गेलो नि 'सँग्विन'ऐवजी 'सँग्विनरी' निघालं. सर म्हणाले, "म्हणजे रक्तपिपासू?" वही फाडावीशी वाटली.

प्रतिसाद: फाडू नका राव! दोन्हींचं मूळ एकच, लॅटिन 'सँग्विस', म्हणजे रक्त. जुन्या युरोपी वैद्यकात शरीरात चार द्रव मानायचे (आपले वात-पित्त-कफ आठवा). ज्याच्यात रक्ताचा जोर, तो लालबुंद, आनंदी गडी. म्हणून 'सँग्विन' आशावादी झाला. 'सँग्विनरी' बिचारा रक्तपातातच अडकला. आता जन्मात विसरणार नाही तुम्ही.

प्रतिसाद: रोज २० म्हणजे अतीच. मी चारच घेते आणि प्रत्येक शब्द घरातल्या कुणाला तरी चिकटवते. 'गॅर्युलस' म्हणजे आमची आत्या. राँग नंबर लागला तरी अर्धा तास बोलते.

प्रश्नकर्ता: अशी आत्या आमच्याकडेही आहे! सरांना आज रक्ताची गोष्ट सांगितली. म्हणाले, "हेच तेव्हा बोलला असतास तर मार्क दिले असते."