जुन्या साड्यांच्या गोधडीला मशीन लावावं का?

कळवेकर
माझं मत: लावू नये. विरलेल्या सुती साडीवर मशीनचा बारीक टाका पडला की सुईची भोकं लागून लागून येतात आणि धुताना कापड नेमकं त्या रेषेवर फाटतं. हाताचा धावदोरा पाव इंचाचा आणि सैल असतो. ओढ आली तर दोरा सरकतो, कापड वाचतं. गोटाची, म्हणजे कडेला लावायच्या पट्टीची, पुढची शिवण मशीनने चालेल, मागची बाजू मात्र हातानेच टिपायची.

वाशीकर
ताई, अजिबात पटलं नाही. दोष टाक्याच्या लांबीचा आहे, मशीनचा नाही. टाका 3 ते 3.5 मिमी ठेवा, सुई 14 नंबरची आणि नवी. बोथट सुई कापडाचे धागे बाजूला सारत नाही, तोडते. विरलेल्या साड्या आतल्या थरांत घाला, वर-खाली धड कापड घ्या. धावदोऱ्यात एकच दोरा असतो, तो तुटला की ओळ सुटत जाते. मशीनचा वरचा धागा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकलेले असतात, ती शिवण इतक्या सहज उसवत नाही. आपल्याकडे फ्लॅटमध्ये गोधडी वॉशिंग मशीनमध्येच जाते, तिथे हाच टाका टिकतो.

घोडबंदर_शिवण
3.5 वर काटा ठेवूनही टाका बारीक पडतो, त्याचं कारण दोघांनीही सांगितलं नाही. गोधडी टेबलावरून खाली लोंबली की तिचं वजन मागे ओढतं, सुईखालचे कापड सरकवणारे दाते ते पूर्ण पुढे नेऊ शकत नाहीत, आणि टाका जवळजवळ निम्म्यावर येतो. ताई म्हणतात ती फाटकी रेष बहुतेक वेळा इथूनच येते. डावीकडे आणि मागे टेबल जोडा, गोधडीची गुंडाळी मांडीवर नाही, टेबलावर ठेवा.

दुसरी गडबड चुण्यांची. दाते फक्त खालचा थर पुढे नेतात, वरून कापड दाबणारा मशीनचा साधा पाय वरचा थर अडवून धरतो, मग ओळीच्या शेवटी वरचं कापड फुगून जमतं. त्याच्या जागी लावायचा वॉकिंग फूट वरचा थरही सोबत चालवतो. घेताना त्याचा फाटा सुईच्या स्क्रूवर नीट बसतोय ना, ते बघा. दर 4 इंचांवर सेफ्टी पिन लावा. हाताने कडेकडून आत फेऱ्या घेतलेल्या चालतात, मशीनवर मात्र मधल्या ओळीपासून बाहेर यायचं, नाहीतर सगळं सैल कापड मध्ये कोंडतं. शेजारच्या दोन ओळी उलट दिशांनी मारू नका, मधली पट्टी तिरकी ओढली जाते.

कळवेकर
वजनाचा मुद्दा मान्य. गोटाचं मात्र नाही. पट्टी पुढून लावून मागे वळवली आणि पुढूनच मशीन मारलं, तर मागची कड जागोजागी शिवणीतून निसटते. मागून बघितलं की लगेच कळतं.

वाशीकर
म्हणून पट्टी आधी मागच्या बाजूला शिवायची आणि पुढे वळवून पुढूनच कडेला टीप मारायची. पकडली गेली की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं. 60 × 90 इंचांच्या गोधडीचा घेर 300 इंच, कोपरे आणि शेवटचा जोड धरून 312. अडीच इंच रुंद, 42 इंच लांब अशा 8 पट्ट्या तिरक्या जोडल्या की पुरतात. कापड पाऊण मीटर घ्या, अर्धा मीटर थोडक्यात कमी पडतं. पट्टी उभी दुमडून पाव इंचावर शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी 45 अंशांत वर घडी करायची, मग सरळ खाली आणायची.

घोडबंदर_शिवण
यात एकच बदल: पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, कापा. सरळ पट्टीत घडीच्या टोकावर तेच एक-दोन धागे सगळं घासणं सोसतात, ते झिजले की कड लांबच लांब फाटते. उरेबात झीज अनेक धाग्यांवर विभागली जाते. कापड जास्त लागतं, त्यासाठी पूर्ण मीटर धरा. शिवताना पट्टी ताणू नका, ताणलेली उरेब पट्टी नंतर आखडते आणि गोधडीची कड आत ओढते.