मदत हवी आहे: शेअरपॉइंट आणि टीम्सबद्दल मराठी पॉडकास्ट, पण पंख्याचं काय करू?

नमस्कार मंडळी. भुसावळ-जळगाव रोज अपडाऊन करतो. गाडीत कानात पॉडकास्ट असतात, बहुतेक शेअरपॉइंट, टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरांवर काम करणाऱ्या डेव्हलपरांच्या गप्पा. त्यातूनच मला कळलं की शेअरपॉइंट ऑनलाइनमधली जुनी ॲड-इन्स (म्हणजे शेअरपॉइंटला जोडायची छोटी ॲप्स) २ एप्रिल २०२६ पासून बंद, आता सगळं शेअरपॉइंट फ्रेमवर्क या नव्या पद्धतीवर, म्हणजे टाइपस्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा नि बहुधा रिॲक्ट ही कोड लायब्ररी यांवर न्यायचं. ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं!

पण या गप्पा सगळ्या इंग्रजीत. आमच्याकडची पोरं हुशार, कोडही चांगलं लिहितात, फक्त इंग्रजी बोलायचं म्हटलं की गप्प. म्हणून मी आणि एक मित्र मराठीत, जमलं तर अधूनमधून अहिराणीतही, अशा गप्पा रेकॉर्ड करणार आहोत.

अडचण अशी की मे महिन्यात भुसावळात पंखा-कूलर बंद करून बसणं म्हणजे भट्टीत बसणं. चालू ठेवला तर रेकॉर्डिंगभर घरघर. एक भाग तसाच केला, माझ्या आवाजापेक्षा कूलरच जास्त बोलतोय. कॉलर माइकने फरक पडेल का? की पहाटेच उरकावं? पाहुणा पुण्यात असेल तर दोघांनी आपापल्या फोनवर वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडणं कितपत जमतं?

आणि धुळे, नंदुरबार, जळगावकडचं कुणी पॉवर ऑटोमेट (रोजची कामं आपोआप करून घेणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) किंवा ग्राफ एपीआयवर (मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला डेटा कोडमधून वापरायची सोय) काम करत असेल तर बोलायला याल का? मानधन नाही, भरीत-भाकरी नक्की.